मास्तरांची कॅनडातली भिंत

आमचे घरमालक कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावायचे आणि मग माणसांकडं बघायचे. हातही तळवा नाही, उलटा हात. ताप बघायला आई लेकराच्या कपाळाला लावते तसा. लग्नाचा हॉल असो, बँक असो, कुणाच्या दहाव्याचं घर असो, त्यात फरक नाही. एकदा मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचा. हे म्हणाले, "वाचतो की. पन तक्त्यामागं वल हाय, ती आधी बगा." डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं. महिन्यानं चष्म्यासाठी पुन्हा गेलो तेव्हा तक्ता दुसऱ्या भिंतीवर गेलेला होता आणि जुन्या जागी परातीएवढा काळा डाग होता.

आयटीआयमध्ये गवंडीकाम शिकवून ते निवृत्त झाले होते. शाहूपुरीतल्या एका गल्लीत त्यांचं दुमजली घर. खाली ते एकटे, वर मी भाडेकरू. मी मूळची जयसिंगपूरची. इथं एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, रोजचं येणं-जाणं झेपेना, म्हणून खोल्या शोधत त्यांच्या दारात आले. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, मीही तेच म्हणू लागले.

खोल्या देताना त्यांनी एकच अट घातली.

"भिंतीत खिळा मारायचा न्हाय."

"मग कॅलेंडर कुठं लावू?"

"कपाटाच्या दाराला. दार बदलता येतंय, भिंत येत न्हाय."

मला वाटलं, भाडेकरूसाठी नियम कडक असतात, त्यातला हा एक. पण त्यांच्या स्वतःच्या घरातही एक खिळा नव्हता. काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. त्यांचा हार घातलेला मोठा फोटो भिंतीवर नव्हता, एका लाकडी खुर्चीवर ठेवलेला होता. पाहुणे जास्त झाले की मास्तर स्वतः जमिनीवर बसायचे, पण ती खुर्ची रिकामी करायचे नाहीत. नवा माणूस आला की आधी घाबरायचा, मग फोटोला नमस्कार करून चहा प्यायचा.

भिंतींचं हे वेड कुठून आलं, असं मी एकदा विचारलं. त्यांचं गाव राधानगरीकडचं. तिकडं पाऊस आडवा लागतो. लहानपणी मे महिन्यात घरातली सगळी जण उसाचा पाला आणि गवत विणून मातीच्या भिंतींना बाहेरून आडोसा बांधायची. "आमच्यात पोरास्नी शाळंचं कपडं मिळायच्या आधी भिंतीस्नी मिळायचं," ते म्हणाले. आठवी-नववीत असताना एका वर्षी त्यांच्याकडून एक कोपरा बांधायचा राहिला. जुलैत तो कोपरा बसला. कुणाला लागलं नाही, फक्त चूल गेली. पण वडील चार दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. हे सांगताना सत्तरीतल्या मास्तरांचा चेहरा पुन्हा तेवढाच लहान झाला होता.

त्यांना एकच मुलगी. ती लग्न होऊन कॅनडाला गेली. रविवारी सकाळी साडेसातला तिचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडं शनिवारची संध्याकाळ असायची. मास्तर फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवायचे आणि कॅनडापर्यंत आवाज आपल्याच ताकदीनं पोचवायचा आहे अशा थाटात बोलायचे. मला वर सगळं ऐकू यायचं. नात सहा वर्षांची होती. ती 'आबा' अशी हाक मारायची आणि पळून जायची, मग परत येऊन पुन्हा हाक मारायची. एवढंच तिचं बोलणं, पण मास्तर आठवडाभर तेच सांगायचे.

एका रविवारी त्यांनी जिन्यातून हाक मारली. "ताई, जरा खाली या. जावई काय म्हनत्यात बगा."

जावयांनी नवीन घर घेतलं होतं. त्याला तळघर होतं, आणि तळघरात त्यांना एक खोली करायची होती. फोनच्या पडद्यावर काँक्रीटची नागडी करडी भिंत दिसत होती. मास्तर चष्मा सरसावून फोनच्या इतके जवळ गेले की तिकडं बहुधा त्यांचं कपाळच दिसत असणार.

"खोली कशाला?" त्यांनी विचारलं.

"असू दे की आबा, एक खोली वाढली तर," मुलगी म्हणाली.

"भिंत वली हाय?"

"नाही," जावई म्हणाले. ते हळू आणि नीट बोलणारे गृहस्थ होते. "पाणी आत येत नाही, बघून घेतलंय. पण बाहेर हिवाळ्यात उणे वीस असतं. भिंतीला आतून काहीतरी घातल्याशिवाय खोलीत बसता येणार नाही. ठेकेदार म्हणतोय, लाकडाची चौकट उभी करू, तिच्यात काचेची लोकर भरू, वर प्लास्टिकचा कागद आणि मग बोर्ड."

"कशाला? भिंतीला चुना मारा, उघडी ठेवा. भिंतीला मोकळं वाटाय पायजे."

"आबा, गोठून जाऊ आम्ही."

"मग बाहेरनं कपडं घाला. आमच्यात बाहेरनंच घालत्यात."

त्यासाठी घराभोवती सगळीकडं माणसाच्या उंचीपेक्षा खोल खणावं लागेल, असं जावयांनी समजावलं. मास्तरांनी ते मान्य केलं, पण लोकर काही त्यांच्या गळी उतरेना. फोन ठेवल्यावर ते स्वयंपाकघरात गेले, फ्रीजमधून ताकाचा तांब्या आणला आणि माझ्यासमोर ठेवला. थोड्या वेळानं तांब्या घामेजला.

"हे पानी कुठलं?"

"हवेतलं."

"बरोबर. त्यांची भिंत म्हंजे हा तांब्या. आनि हवा घरातली. माणसांचा श्वास, भाताची वाफ, आंघोळी, वाळत घातल्याली कापडं. लोकर थंडी अडवती, हवा न्हाय अडवत. हवा लोकरीतनं भिंतीपत्तोर जानार, तिथं पानी हुनार. वर प्लास्टिक. म्हंजे पोरगं भिजलंय आनि त्याला वरनं रेनकोट घातला."

पुढच्या रविवारी त्यांनी जावयांना तांब्या दाखवला. जावई म्हणाले, "आबा, इथं बरेच जण असंच करतात."

"बरेच जन करत्यात म्हनून मी कुनाला मार्क दिल्यालं न्हाईत."

मुलगी मधे पडली आणि विषय बदलला. पण मास्तरांच्या डोक्यातून तो गेला नाही. आपण बोलतोय ते खरं असेल तर पोरीच्या घराची भिंत आतून कुजेल, आणि खोटं असेल तर जावयाला उगाच त्रास दिला. दोन्हींपैकी काय ते बघितलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवसांनी मी कामाला निघाले होते तेव्हा ते फाटकाशी उभे होते.

"ताई, तुमच्या डेअरीत थंडीची खोली हाय न्हवं?"

मी खूप कारणं सांगितली. बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, खाण्याच्या वस्तू असतात, स्वच्छतेचे नियम आहेत. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "विचारून तर बगू." शनिवारी ते माझ्याबरोबर आले. आमच्या शीतगृहाचे इन्चार्ज कुणाला हो म्हणणारे नव्हतेच. ते नाही म्हणत असताना मास्तर दारापाशी खाली बसले आणि दाराच्या कडेनं हात फिरवत म्हणाले, "हितं खालच्या कोपऱ्यात रबर सुटलंय. तुमची थंडी हितनं जायलीय." इन्चार्ज वाकून बघायला लागले. दार बर्फ का धरतंय याचा ते चार महिने शोध घेत होते. त्यानंतर परवानगी मागावी लागली नाही. लोण्याच्या खोलीत नाही, तिच्याशेजारची एक खोली सणासुदीलाच भरते, त्यात खोकी ठेवा, असं ठरलं.

खोकी म्हणजे काँक्रीटची दोन, कॅनडातल्या तळघराची लहान नक्कल. प्रत्येक जुन्या टीव्हीच्या खोक्याएवढं. मास्तरांनी ती परसात स्वतः ओतली आणि महिनाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, मग वाळायला ठेवली. तिकडं ठेकेदार घाई करत होता. जावयांचा निरोप आला की मास्तर म्हणायचे, "त्याला सांगा, काँक्रीट घाई करून वाळत न्हाय." एका खोक्यात त्यांनी ठेकेदाराच्या पद्धतीनं काचेची लोकर भरली, वर प्लास्टिक लावलं. दुसऱ्यात, शीतगृहाच्या भिंतींना असतात त्या फोमच्या पत्र्यांचे इन्चार्जनी दिलेले तुकडे, काँक्रीटला जराही फट न ठेवता चिकटवले आणि सांधे पट्टीनं बंद केले. दोन्हींत एकेक बारीक बल्ब आणि पाण्याची वाटी ठेवली.

"बल्ब म्हंजे माणूस. वाटी म्हंजे त्याचा श्वास," त्यांनी इन्चार्जना समजावलं. मग चाकू काढून पहिल्या खोक्यातल्या प्लास्टिकला तीन-चार बारीक चिरा दिल्या.

"मास्तर, ही चीटिंग झाली," इन्चार्ज म्हणाले.

"एक चीर सुताराची, एक वायरमनची, एक नळवाल्याची. घरात एवढं हुतंयच."

बारा दिवस खोकी आत राहिली. मास्तर रोज बघायला यायचे. एप्रिलचं ऊन, आणि हे खांद्यावर घोंगडं, डोक्याला माकडटोपी, पायांत लोकरीचे मोजे, असे फाटकातून आत शिरायचे. आत गेले की स्टुलावर दहा मिनिटं नुसते बसायचे. थंडी माणसात कुठून शिरते ते बघायचंय म्हणाले. मीही शेजारी उभी राहायची, कारण त्यांना काही झालं असतं तर आत मीच आणलेलं होतं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "पायाच्या बोटातनं शिरती. भिंतीचं नंतर. आधी फरशीचं बगाय पायजे." आणि कॅनडाला तसा निरोप गेला.

याच दिवसांत मला मुलीचा फोन आला. एरवी ती मला कधी फोन करायची नाही.

"ताई, आबा लई मनावर घ्यायलेत का?"

"रोज शीतगृहात बसतात."

तिनं आवाज खाली घेतला. "ती खोली त्यांच्यासाठीच हाय. आई गेल्यापासनं मी म्हनते या, तर ते, मी तिथं येऊन काय करू, एवढंच. आई-आबांचे पासपोर्ट आम्ही काढले हुते, ते कपाटात पडून हायत. आता खोली करूनच विचारनार हाय. तुमी सांगू नका. आत्ता कळलं तर ते न्हाय म्हनतील आनि मग त्यांचं न्हाय बदलत न्हाय."

मी नाही सांगितलं. पण त्यानंतर स्टुलाशेजारी उभं राहणं मला जड जायला लागलं. हा माणूस घोंगड्यात कुडकुडत कुणासाठी खोली तयार करतोय ते मला माहीत होतं आणि त्याला नव्हतं.

बाराव्या दिवशी खोकी बाहेर काढली. फोमचं आधी उघडलं. मास्तरांनी कोपऱ्यातला एक तुकडा सुरीनं खरवडून काढला आणि मागच्या काँक्रीटला उलटा हात लावला. कोरडं होतं. मग दुसरं उघडलं. प्लास्टिक बाजूला करताच कुबट वास आला. लोकर वजनदार झाली होती आणि मागच्या काँक्रीटवरून पाण्याचे ओघळ उतरत होते. मास्तरांनी लोकरीचा एक तुकडा हातमोजे घालून मोरीपाशी नेला आणि पिळला. पाणी धारेनं पडलं. इन्चार्जनी शाबासकी द्यायला हात वर केला, पण मास्तरांचा चेहरा बघून त्यांनी तो तसाच खाली घेतला.

"हे माझ्या पोरीच्या घरात झालं असतं," ते म्हणाले. "आनि पोरं वर्षभर खोकत बसली असती, कशानं ते कळलं नसतं."

मी हे सगळं मोबाईलवर घेतलं आणि जावयांना पाठवलं. त्यांनी ते दोनदा बघितलं आणि त्याच दिवशी ठेकेदाराला लोकर परत न्यायला सांगितलं. आधी फोमचे पत्रे थेट काँक्रीटला, सांधे बंद, फरशीलाही तेच, आणि मग लाकडाची चौकट, असं ठरलं. रविवारी फोनवर मास्तर जावयांना म्हणाले, "माझं बी एक चुकलं. उघडी ठेवा म्हनलो हुतो. उघड्या भिंतीवर तर धारा लागल्या असत्या. मी तुमच्याकडचा हिवाळा बगितल्याला न्हाय, तरी बोललो." सासऱ्यानं जावयाची अशी माफी मागितलेली मी तरी दुसरीकडं पाहिलेली नाही. जावई इतके अवघडले की त्यांनी फोन मुलीकडं दिला.

जूनमध्ये जावयांनी खोलीचा नकाशा पाठवला. मास्तरांनी तो झेरॉक्सच्या दुकानातून मोठा करून आणला आणि पुढच्या सोप्यात जमिनीवर पसरला. मी भाकरी घेऊन खाली आले तेव्हा ते गुडघ्यांवर बसून एकेका रेघेवरून बोट फिरवत होते. खिडकी छताजवळ आहे, बरोबर. दार बाहेर उघडतंय, बरोबर. संडासाच्या कोपऱ्यात त्यांचं बोट थांबलं.

"ह्या भिंतीत हे आडवं लाकूड कशाला?"

"मला काय कळणार मास्तर."

"दांडीच्या आधाराला. धरून उठायची दांडी. बोर्डमागं लाकूड न्हाय ठेवलं तर दांडी उपटून येती." ते थोडा वेळ त्या रेघेकडं बघत राहिले. "ही तरन्या माणसाला लागत न्हाय."

मी भाकरीचं ताट खाली ठेवलं. त्यांनी वर बघितलं.

"तुमास्नी ठावं हुतं."

"हो."

त्यांनी नकाशाची घडी घातली. कागद मोठा होता, घडी नीट बसेना, तरी त्यांनी ती पूर्ण घातली.

"एवढं दिस माझ्यासंगं त्या थंडीत उभ्या ऱ्हायलासा," ते म्हणाले. एवढंच. मग ते आत गेले.

पुढचे दोन रविवार खाली फोन वाजत राहिला आणि त्यांनी तो घेतला नाही. मुलगी मला फोन करून रडली. मी दार वाजवलं तर आतून "ठीक हाय" एवढं उत्तर आलं. माझं वर्तमानपत्र मात्र रोज सकाळी पहिल्या पायरीवर ठेवलेलं असायचं, ते नेहमी ठेवायचे तसंच. त्या पेपराकडं बघून मला जास्त वाईट वाटायचं. एरवी मी कुणापासून काही लपवलं नव्हतं, आणि लपवलं ते याच माणसापासून.

दुसऱ्या रविवारनंतर, बुधवारी संध्याकाळी, ते वर आले. मी तिथं राहायला आल्यापासून ते पहिल्यांदा जिना चढले होते. दम खात माझ्या खोलीत बसले आणि पाणी प्यायले.

"दोन-तीन म्हैने मी त्या भिंतीचं सगळं बगितलं," ते म्हणाले. "पानी कुठनं येतंय, थंडी कुठनं येतीय. आत ऱ्हानार कोन, ते एकदाच विचारलं. ती असू दे की म्हनली आनि मी बी सोडून दिलं."

"मास्तर, मी सांगायला पाहिजे होतं."

"सांगितलं असतासा तर मी खोकी केली नसती."

"म्हणूनच नाही सांगितलं."

ते जरासं हसले. खाली रस्त्यावरून कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

"ही असती तर आमी दोघं गेलो असतो," ते म्हणाले. "तिला लई हौस हुती. स्वेटर बी विणून ठेवल्याला. आता एकट्यानं जायचं, आनि जमिनीखाली ऱ्हायाचं. आमच्यात मेल्यावर बी मातीखाली घालत न्हाईत, आनि पोरगी जिवंतपणी घालाय लागलीय."

चहा ठेवू का, असं मी विचारलं. "ठेवा," ते म्हणाले, आणि चहा पिऊन एकेक पायरी धरत खाली गेले.

त्या रविवारी सव्वासातला त्यांनी मला हाक मारली. मी खाली गेले. फोन चहाच्या डब्याला टेकवून ठेवलेला होता आणि ते वाट बघत बसले होते. साडेसातला वाजला तेव्हा त्यांनी तो घेतला. पडद्यावर मुलगी आणि जावई शेजारी शेजारी, परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखे. नात मधे घुसून 'आबा' म्हणाली आणि पळाली.

"छताचं काय केलासा?" मास्तरांनी विचारलं.

जावयांनी घसा साफ केला. "छतात लोकर भरतोय आबा. तिथं थंडीचा प्रश्न नाही, वरचं घर गरमच असतं. पण आवाज अडतो. खोली शांत राहील."

"न्हाय. छतात काय भरू नका."

"पण आबा, तुमची नात दिवसभर वर धावत असते. खाली सगळं ऐकू येईल."

"यायलाच पायजे. पोरगी घरात हाय का न्हाय ते मला कळाय नको?"

मुलगी पडद्यातून उठून गेली. जावई तिथंच बसून राहिले, एकदा तिच्याकडं आणि एकदा फोनकडं बघत. मग म्हणाले, "बरं आबा. मोकळं ठेवतो."

"आनि ती दांडी डावीकडं घ्या," मास्तर म्हणाले. "माझा उजवा खांदा वर जात न्हाय."

दिवाळी झाल्यावर ते कॅनडाला गेले. आधी हिवाळाभर राहून बघतो म्हणाले होते, पण मे महिन्यात मुलीचा फोन आला की आबा आता राहतोय म्हणतात. खालच्या घराची किल्ली माझ्याकडं आहे. आठवड्यातून एकदा खिडक्या उघडून हवा खेळवायची, एवढं काम त्यांनी मला सांगितलंय, आणि ते झालं की नाही याची चौकशी होते.

तिथल्या पहिल्या जानेवारीत त्यांनी मला ती खोली फोनवरून दाखवली. पलंग, टेबल, भिंतीलगत त्यांची ट्रंक. छताजवळची लहानशी खिडकी बाहेरून पूर्ण पांढरी झाली होती. आत दिवा लागलेला. मी विचारलं, "मास्तर, सकाळ झालेली कळते तरी कशी?"

"सातला ती उठती," ते म्हणाले. "पलंगावरनं उडी मारती आनि माझ्या डोक्यावरनं स्वयंपाकघरापत्तोर पळत जाती. मग मी उठतोय. शाळंला सुट्टी असली की उशिरा उठती. त्या दिवशी मी बी पडून ऱ्हातोय, ती उठंस्तवर."